जीवराम सरांनी काढलेले सहगुणक

जीवराम सर अमळनेरहून रोज एसटीने धुळ्याला यायचे आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायचे. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि सुट्टीत हवा खायची. असं पंधरा-सोळा वर्षं चाललं होतं. गणिताची कायम जागा निघाली की ती आपलीच, हे सरांनी मनाशी धरून ठेवलं होतं. संस्थेचे अध्यक्ष चुडामण नाना दर दिवाळीला "पुढला वरीसले तुमनंच" म्हणायचे आणि सर दर दिवाळीला नव्याने विश्वास ठेवायचे. भोळेपणालाही काही मर्यादा असते. सरांच्या भोळेपणाला ती नव्हती.

शिकवण्यात मात्र माणूस पक्का. रेषीय विकल समीकरणं सोडवायची अनिर्धारित सहगुणकांची पद्धत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उजव्या बाजूला एक्सचा वर्ग दिसला की उत्तरही त्याच घराण्यातलं धरायचं. ए, बी, सी अशी अक्षरं लावून ते मांडायचं, समीकरणात घालायचं आणि दोन्ही बाजू ताडून बघायच्या, की अक्षरांच्या किमती आपोआप हातात येतात. "उत्तराचा साचा आधी, आकडे मागून," असं सर फळ्यावर खडू आपटून सांगत. मुलं डुलक्या घेत.

एके दिवशी नानांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. सरांनी इथेच सावध व्हायला हवं होतं.

"सर, एक जागा भरनी शे," नाना म्हणाले. "माणूस ठरेल शे. पदवी साधी, शोधनिबंध तीन, अनुभव काहीच नही. पण कागदवर तो पयला दिसाले पाहिजे. कशाले किती गुण, ते बठ्ठं तुम्ही बसाडी द्या."

"कोणत्या विषयाची जागा, नाना?"

"तुम्हले काय करनं? समोर कितीबी जुना मास्तर उना, तरी आपला माणूस वर राहाले पाहिजे."

सर हरखले. उत्तर ठरलेलं आणि सहगुणक तेवढे काढायचे, हे तर त्यांचंच प्रकरण. जागा रसायनशास्त्राची असणार, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. घरी येऊन कागद पसरला. पदवीला ए, शोधनिबंधांना बी, अनुभवाला सी. सी शून्य धरला तरी चांगल्या पदवीचा जुना मास्तर पुढे सरकत होता. शेवटी सी ऋणच काढावा लागला. वर्षं जितकी जास्त, तितके गुण कमी. सरांनी त्याला 'नवदृष्टी' असं गोंडस नाव दिलं: नवख्याला पूर्ण पंधरा गुण आणि शिकवलेल्या प्रत्येक वर्षामागे त्यातून एक वजा.

भाकरी थापता थापता त्यांची बायको हेमलता म्हणाली, "त्या जुन्या मास्तराचं काय होईल हो?"

"होईल काय? बसेल घरी," सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

महिन्याभराने जाहिरात आली. जागा गणिताची होती.

तरीही सरांनी अर्ज केला. मुलाखतीत बाजी मारू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मुलाखत झाली त्याच संध्याकाळी फलकावर निकाल लागला. सगळ्यात वर कुंदन, नानांचा होणारा जावई. तळाला जीवराम सर. नवदृष्टीत त्यांच्या वाट्याला एकही गुण उरला नव्हता.

सर तडक नानांच्या केबिनमध्ये शिरले. नानांनी शांतपणे सरांच्याच अक्षरातला कागद पुढे सरकवला.

"गणित तुमनंच शे ना, सर? कुठे चुकनं व्हई तर सांगा."

सरांनी कागद वरपासून खालपर्यंत तपासला. पुन्हा तपासला. चूक सापडावी म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाचा धावा केला. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "नाही. बरोबर आहे."

हे म्हणताना आपल्याला किंचित अभिमान वाटला, याचीच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.