आठ पाऊणे सहा

“या अकरा मुलांना परत सातवीत बसवावं लागेल,” मी यादी हेडमास्तरांसमोर ठेवली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नेरुळमधलं आमचं हायस्कूल नवीन होतं. आठवीत निम्मी मुलं नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या नोकरदारांची, निम्मी करावे-सारसोळ्याची, गावातली सातवी करून आलेली. कोणाची तयारी किती, हे पाहायला मी पहिल्याच आठवड्यात चाचणी घेतली. पहिला प्रश्न होता, ८ चे ३/४ किती? यादीतल्या अकराही जणांनी तो कोरा सोडला होता.

“सातवी पास आहेत ती,” हेडमास्तर म्हणाले.

“अपूर्णांक येत नाहीत सर. बीजगणित कशावर उभं करू? की सगळ्यांना नुसतं वर ढकलायचं?”

“मग पालकांना तुम्हीच सांगा. मी शेजारी बसतो.”

पहिले आले ते करावे गावचे एक मच्छीमार. सोबत मुलगी, कमल. मी सांगितलं ते त्यांनी उभ्यानेच ऐकलं.

“पोर पास हाय ना सर? परत सातवीत बसवनार तं नको. घरीच र्‍हाईल. तिच्या काकाला तेच पायजे.”

कमल जमिनीकडे पाहत होती. वडिलांनी दारातून बाहेर ऊन पाहिलं. “चल गो. होडी काढायची हाय. सांजची भरती कवा?”

“आज अष्टमी. सहाला,” कमल म्हणाली.

“थांब,” मी म्हणालो. “सहा कशावरून?”

“आठ पाऊणे सहा.” ती माझ्याकडे पाहायला लागली. “तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज्यानं शिकवलं.”

“आणि द्वादशीला?”

“बारा पाऊणे नऊ.”

पाऊणकी. पाऊणचा पाढा. लहानपणी मीही तो म्हटला होता. मी कागदावर ‘८ चे ३/४’ लिहून पुढे केला आणि ३/४ वर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

“तीन. खाली चार.” मग हळूच, “तो धडा झालाच नव्हता सर. गुरुजी एकच होते, चार वर्गांना.”

“यालाच पाऊण म्हणतात.”

तिने कागद ओढला आणि शेजारी ६ लिहिला. हेडमास्तरांनी माझी यादी उचलून स्वतःच्या फायलीत ठेवली.

कोणालाही खाली बसवलं नाही. मी मात्र शाळेआधी रोज अर्धा तास त्या अकरा जणांचा वर्ग घेतला, दिवाळीपर्यंत. पाढा येत होता म्हणून पुढचं सोपं गेलं, असं नाही. पाऊण आणि अर्धा मिळवताना कमल कितीतरी दिवस वर वर, खाली खाली बेरीज करून ४/६ लिहायची. दोघांना बीजगणित शेवटपर्यंत जड गेलं. कमल दहावी झाली.

त्यानंतर मी चाचणी घ्यायच्या आधी मुलांना काय येतं ते तोंडी विचारत गेलो. वेळ जास्त लागतो, एवढंच.

गेल्या महिन्यात हेडमास्तर गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलाने ती फाईल मला आणून दिली. यादीला माझी प्रश्नपत्रिका टाचलेली होती. तिच्यावर लाल शाईत, त्यांच्या बारीक अक्षरात, शेरा होता: ‘पेपर नापास. मास्तरांना वर ढकलले.’