फणसाखालची नाळ

खाडीकाठचा तुरुंग बंद होऊन वीस वर्षं झाली होती. पूर्वी आत जायला गुन्हा करावा लागे, आता तिकीट पुरत होतं. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची सहल भाट्याच्या समुद्रावर भिजून, चपलांतली वाळू झटकत तिथे उतरली. त्यात कामगार धाकूची आई हौसाही होती. बाकीच्या बायकांनी फराळाचे डबे आणले होते. हिच्या पिशवीत सोललेला नारळ होता.

हौसाचा जन्म याच तुरुंगातला. तिची आई गंगा पोटुशी असताना खोताचा कारकून भात मोजायला आला, आणि मापावरून तिने त्याच्यावर विळा चालवला. कारकुनाचं एक बोट गेलं, गंगाची दोन वर्षं. लेकीची नाळ तुरुंगाच्या अंगणातल्या फणसाखाली पुरली. "एकदा जाऊन नारळ दे गो तिथं," असं मरताना ती सांगून गेली. हौसाने हे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलालाही नाही. कोणी विचारलंच तर "माझा जन्म रत्नागिरीस, सरकारी इमारतीत," म्हणे. यात खोटं काहीच नव्हतं.

अडचण एकच होती. बाईमाणसाने नारळ फोडायचा नाही. घरचा पुरुष हवा, आणि तो म्हणजे धाकू.

फणसापाशी तुरुंग दाखवणारा महिपत उभा होता. "ह्याच फांदीवर अकरा क्रांतिकारकांना फासावर दिलं!" ती फांदी अशी बारीक, की तिच्यावर स्वतःचं फळ टांगायचं धाडस फणसानेही केलं नव्हतं. पण लोकांनी टोप्या काढल्या.

हौसाने नारळ धाकूपुढे धरला. "फोड बाबा."

"आये, फासाच्या झाडाला नारळ? काय मागं लागलं म्हंजे? उद्या माझी रातपाळी हाय."

महिपत सरसावला. "आजी, तुमचं कोण गेलं काय हितं? नाव सांगा, पाटीवर घालायला सायबांना सांगतो."

धाकूचा चेहरा उजळला. पाळीतली सगळी माणसं बघत होती, सुपरवायझरसुद्धा. घराण्यात एखादा हुतात्मा निघाला तर कोणाला नको असतो? एक नाव घेतलं की नारळ फुटणार होता.

"गंगा," हौसा म्हणाली. "माझी आये. फासावर नाय गेली. खोताच्या कारकुनाचं बोट तोडलंन, म्हणून हितं होती. मी हितंच जल्मलंय. माझी नाळ ह्या झाडाखाली हाय."

काढलेल्या टोप्या पुन्हा घालाव्यात की कसं, हे कोणाला ठरवता येईना. धाकू मान खाली घालून उभा.

"कुठलं बोट, आये?"

"उजव्या हाताचं. अंगठ्याजवळचं."

"म्हंजे लिवणं बंद?"

"खयचं! डाव्यानं शिकला मेला."

धाकू हसला. मग खाली वाकून त्याने बुंध्याशी एक चांगला जांभा दगड शोधला, नारळ फोडला, पाणी मुळाशी ओतलं आणि पहिला तुकडा महिपतच्या हातावर ठेवला.

दुसरी सहल दारातून आत आली तेव्हा महिपतच्या तोंडात खोबरं होतं. त्याने नुसतंच झाड दाखवलं.