मर्लबाईंची एक दिवसाची सुट्टी

माझी आई मर्ल टकवेल ऑस्ट्रेलियात, कनामला गावाच्या पलीकडल्या मेंढ्यांच्या मळ्यांवर बावीस वर्षं रांधत होती. लोकर कातरणाऱ्यांची टोळी एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जाई, तिच्यामागे आई आणि तिची काळी कढई. अठरा माणसं, दिवसातून पाच वेळा खाणं. पहाटे तीनला चूल पेटे. बसायला बिनपाठीचं बाकडं, तेही बटाटे सोलण्यापुरतं.

आमच्याकडे टोळीची स्वयंपाकीण मळ्याचा मालक नेमत नसे. कातरणारेच हात वर करून तिला निवडत आणि मटण दोनदा करपलं तर तसेच हात वर करून काढूनही टाकत. म्हणून आई कधी सुट्टी मागत नसे. "एकदा दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं आणि आवडलं, तर माझी गाठोडी रस्त्यावर," म्हणायची.

बाबा गेलेले. मी गावात नन्सच्या शाळेत, वसतिगृहात. चार वर्षं ओळीने मला बक्षीस मिळालं आणि चारही वर्षं टाळ्या वाजवायला माझं कुणी नव्हतं. पाचव्या वर्षी मी लिहिलं, "या वेळी आली नाहीस तर मी व्यासपीठावर जाणारच नाही."

आईने साधं कार्ड लिहिलं, 'बाळ ग्लेनिस, यंदाही जमायचं नाही. रागावू नकोस.' टपालात टाकायला तिने ते वॉली पॅस्कोकडे दिलं. वॉली टोळीचा म्होरक्या, जिभेचा तिखट. पुढचं सारं त्यानेच मला सांगितलं, तेही चाळीस वर्षांनी, आईला स्मशानात पोचवून आल्यावर चहा पिताना.

"मी वाचलं नाही हं," तो म्हणाला. "कार्ड उघडंच होतं, दिसलं."

कार्ड त्याच्या खिशातच राहिलं. समारंभाच्या दिवशी सकाळी टोळीने दोन-दोन मेंढ्या कातरल्या आणि वॉलीने मतदान मागितलं. ओली मेंढी कातरली की माणूस आजारी पडतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. म्हणून शंका आली की प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरून पाहायच्या आणि चिठ्ठ्या टाकायच्या, ओली की सुकी. ओली निघाली तर त्या दिवशी काम बंद, आणि काम नाही तर मजुरीही नाही.

अठराच्या अठरा चिठ्ठ्या ओल्या निघाल्या.

मालक धावत आला. "अरे, तीन महिने थेंब नाही! डिसेंबरचं ऊन आहे हे!"

"दव पडलंय साहेब."

"दव? कुठंय दव?"

"मतदान गुप्त असतं. आम्ही कुणाला विचारत नाही, तुम्हीही विचारू नका."

मग वॉली स्वयंपाकघराच्या दारात. "मर्लबाई, आज आम्ही डब्यातलं मांस खाणार. तुमचं तोंड बघून कंटाळलो. माझा ट्रक घ्या आणि संध्याकाळपर्यंत दिसू नका."

"आणि उद्या दुसरी स्वयंपाकीण उभी कराल, होय ना रे?"

"तुमच्यासारखं खेकसणारी मिळाली तर करू की."

तरी निघण्याआधी तिने दिवसभराचे पाव भाजूनच ठेवले. मग नव्वद मैल, धुळीचा रस्ता.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सभागृहात दुसऱ्या रांगेत ती दिसली आणि जीव सुपाएवढा झाला. माझं नाव पुकारलं, मी वर गेले, पुस्तक घेतलं, वळून पाहिलं, तर आईची मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू झोपली होतीस."

ती ओशाळली. "त्या खुर्चीला पाठ होती ग."

मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने आणलेला केक वसतिगृहात वाटून टाकला, एक तुकडाही खाल्ला नाही. टोळीचं रात्रीचं जेवण रांधायचं म्हणून ती दुपारी तीनलाच परत निघाली. ट्रक वळेपर्यंत हात हलवत होती. मी खिशातून हात काढला नाही. पुढे त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

सगळं सांगून झाल्यावर वॉली हसला. "आठवडाभर आमचं डोकं खाल्लं होतं तिने. पोरीचा फ्रॉक निळा होता, वेण्या घट्ट होत्या, वर चढताना दुसऱ्या पायरीवर अडखळली, पण पडली नाही."

मी कप खाली ठेवला. मी खरंच अडखळले होते, दुसऱ्याच पायरीवर. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे तेवढ्यापुरते तिने डोळे उघडे ठेवले होते? माझं पाऊल पायरीवर पडेपर्यंत, आणि मग आवरलं नाही? की एखाद्या ननने नंतर सांगितलं? आता विचारायचं कुणाला. दुपारी घरात सामसूम झाली की मी जेवणाच्या टेबलाशी ताठ पाठीने बसून पाहते, किती वेळ जागं राहणं जमतं ते. फार वेळ नाही जमत. पहाटे तीनला तर मी कधी उठलेलीही नाही.