मामांचं नाक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या मामांचे. शिरोळकडच्या गुऱ्हाळांवर ते गुळव्या. उकळत्या उसाच्या रसाची काहील कधी उतरायची, हे ते नुसत्या वासावरून सांगत. त्या कमाईवर त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज कोल्हापुरातल्या एका हॉटेलात वाइन वाढतो. "डोळं मीट आन् नाकाला इच्यार," असं ते लहानपणी काहिलीपाशी सांगायचे. माझी भाकरी तेवढ्यावरच आहे.

यंदा गणपतीनंतर हॉटेलात परीक्षा होती. बाटली न बघता तांबड्या वाइनचं द्राक्ष ओळखायचं. सरावाला मी मामांकडे गेलो. मामी गेल्यापासून ते एकटेच असतात. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले, बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि मामा एकेक पेला हातात देऊ लागले.

"पहिल्याला मिरीचा वास," मी म्हणालो. "शिराझ द्राक्ष." दुसऱ्याला ढोबळी मिरचीचा, आणि घोट घेतल्यावर हिरड्या कोरड्या पडल्या. "कॅबरने."

"व्हय की. आता ह्यो वळखा, पावणं," मामा चेष्टेनं म्हणाले. पेला स्वतःच्या नाकाशी धरून त्यांनी घेतलेला लांब श्वास मला ऐकू आला. "झकास हाय."

पेला हातभर लांब असतानाच आंबट झणका नाकात गेला. मागल्या महिन्याच्या सरावात मी चिठ्ठी लावून उघडलेली आणि तिथंच विसरलेली मर्लोची बाटली ती. तिचा पार व्हिनेगर झाला होता.

"कसला वास येतोय, मामा?"

"मिरीचा की. तूच म्हणालास न्हवं मगाशी?"

"मर्लो," मी म्हणालो. ते खूश झाले आणि चहा ठेवायला उठले.

शेगडीचं बटण फिरवून ते काडीपेटी शोधू लागले. गॅसचा वास मला भिंतीपाशी आला. ते फडताळातले डबे निवांत हलवत होते. मी जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली. ते माझ्याकडे बघत राहिले.

दसरा जवळ आला. गुऱ्हाळं पेटायची वेळ झाली. दोनदा फोन लावला आणि ते "हॅलो" म्हणायच्या आत ठेवून दिला. मग पत्र लिहिलं.

"ती. मामांस,
सा. न.

परीक्षेत पास झालो. पण त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. तिसऱ्या पेल्यात व्हिनेगर होता. तुम्हाला वास येत नाही, मामा. तुम्हालाही ते ठाऊक आहे असं वाटतं. यंदा काहिलीपाशी उभे राहू नका. शनिवारी येतो, डॉक्टरांकडे जाऊ. तोवर काडी आधी पेटवा, बटण मग फिरवा. आणि खिडकी उघडी ठेवा, रात्रीसुद्धा.

आपला,
भाचा"