अक्कांची झुकलेली मान

"आजी, इथून हलू नकोस. मी मनोरा चढून येते. पाचशेवर पायऱ्या आहेत," असं बजावून नात ऋजुता जाते आणि कोलोनच्या त्या अफाट कॅथीड्रलमध्ये सरोजिनीबाई लाकडी बाकावर एकट्या उरतात. दुपारचे चार वाजलेत. चपला त्यांनी बाकाखाली जोडून ठेवल्या आहेत. खरं तर त्या दारातच काढणार होत्या, पण "इथे कुणी काढत नाही गं," म्हणत ऋजुताने दंड धरून आत आणलं. देव कुणाचाही असो, त्याच्यासमोर पाय उघडेच बरे वाटतात.

फरशीचा गारवा तळव्यांतून वर चढतो. छत इतकं उंच, की मान मागे टाकूनही नजर पोचत नाही. ऑर्गनवर कुणी तरी एकच सूर धरून बसलंय. खांबापाशी बायका पांढऱ्या मेणबत्त्या लावतायत आणि रंगीत काचांतून लाल-पिवळं ऊन त्यांच्या पाठीवर पडलंय. सरोजिनीबाईंचे डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

सूर तसाच चालू आहे. बायका आता बाकांवर रांगेने बसल्यात, जरीच्या साड्या नेसून. वाफवलेल्या कैरीचा वास येतोय. खांबाशी पन्ह्याचं पातेलं आहे आणि त्याच्यापाशी पदर खोचून त्यांच्या थोरल्या जाऊबाई, वेणूअक्का, उभ्या आहेत. अक्कांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली, हे सरोजिनीबाईंना पक्कं आठवतं. तरी तोंडून निघतं ते असं, "अक्का, एवढ्या थंडीत स्वेटर नाही घातलात?"

"मला कसली थंडी आता," अक्का म्हणतात. "तू मात्र जाड झालीस."

"औषधांनी."

"हो का. लाडूसुद्धा तू औषध म्हणूनच खायचीस."

दोघी चालू लागतात. बाकांमधली वाट मिरजेच्या बिऱ्हाडातल्या पुढच्या खोलीत निघते. कोपऱ्यात चैत्रगौर मांडली आहे. सरोजिनीबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा आहे, आणि हा दिवस कोणता ते त्यांना कळतं.

थोरले दीर गेले त्याच्या पुढचा चैत्र. पहाटेपासून अक्कांनीच डाळ वाटली, पन्हं केलं. बायका यायच्या वेळी विधवेने आत बसायचं, तशा त्या आत बसल्याही. पण पन्ह्याचे पेले कमी पडले आणि त्या तबक घेऊन बाहेर आल्या, नेमक्या सरोजिनीबाई एकेकीला कुंकू लावत पुढे सरकत असताना. समोर करंडा दिसला आणि लग्नापासूनच्या सवयीने अक्कांची मान आपोआप झुकली. सरोजिनीबाईंनी करंडा शेजारच्या बाईपुढे नेला. त्यानंतर कितीतरी वर्षं दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला, पण हा विषय निघाला नाही. आता सरोजिनीबाईंच्या यजमानांना जाऊनही अकरा वर्षं झाली आहेत. त्यांच्यापुढेही कुणाचा करंडा थांबत नाही.

"अक्का, त्या दिवशी..."

"कुंकवाचं नव्हतं गं काही. लावलं असतंस, तर चारजणी उठून गेल्या असत्या. सासूबाईंनी तुला घरात राहू दिलं नसतं."

"मग?"

"मान झुकली होती माझी. ती सगळ्यांदेखत वर कशी आणायची, ते कळेना. तू जरा थांबायचंस. नुसती थांबायचंस."

"भीती वाटली हो मला."

"दिसत होतं. म्हणून तर कधी बोलले नाही."

सरोजिनीबाई करंडा उघडतात. आत काही नाही. पायांखाली पुन्हा दगडी फरशी आहे आणि तिच्यावर खिडकीतल्या उन्हाचा लाल तुकडा पडलाय. त्या वाकतात, गुडघे दुखत नाहीत. अनामिका त्या लाल तुकड्यात बुडते.

"आता लावू?"

अक्का खोचलेला पदर सोडतात. "लाव. पण घाई करू नकोस."

मान झुकते. अक्कांचं कपाळ फरशीसारखं गार आहे. सरोजिनीबाई बोट टेकवतात आणि तसंच ठेवतात.

"पन्हं प्यायलीस का?" खालमानेनेच अक्का विचारतात.

"आजी."

ऋजुता समोर उभी आहे, धापा टाकत. "बसल्या बसल्या झोपलीस? आणि चपला काढल्यासच शेवटी."

"पाय उबले होते."

"या फरशीवर? आणि हे बोटाला काय लागलंय?"

सरोजिनीबाई बघतात. अनामिकेचं टोक लाल आहे, पार नखापर्यंत. खांबाशी मेणबत्त्या जळतायत, सगळ्या पांढऱ्या.

"थांब, पुसायला देते. आधी पाय पुढे कर," म्हणून ऋजुता चपला चढवायला खाली बसते. तिची मान वाकलेली आहे. एका चपलेचा पट्टा काही केल्या लागत नाही.

सरोजिनीबाई बोट जपून धरतात आणि ती मान वर येईपर्यंत थांबतात.