माहेरचं रेकॉर्ड, सासरचं रेकॉर्ड

"डेटा एन्ट्री एरर आहे," मी म्हणालो आणि समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच काही कळलं नव्हतं. मला तेच हवं होतं.

मी देवासला सॉफ्टवेअर लिहितो. एका ट्रस्टची दोन प्रसूतिगृहं आहेत, एक देवासला, दुसरं धारला. दोन्हीकडच्या पेशंट-नोंदणीचं सॉफ्टवेअर माझं. संगीता नावाच्या एका पेशंटचं सासर हाटपिपल्याचं. ती देवासला तपासणीला यायची. तिला एका इंजेक्शनची ॲलर्जी होती आणि ते रेकॉर्डवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती तिरल्याला गेली आणि कळा सुरू झाल्यावर धारला दाखल झाली. काउंटरवर तिच्या आईनं सवयीनं माहेरचंच सांगितलं: संगीता, वडिलांचं नाव, गाव तिरला. सॉफ्टवेअरला ही नवीन बाई वाटली. त्यानं कोरं रेकॉर्ड उघडलं. तेच इंजेक्शन दिलं गेलं. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. डॉक्टरांनी वेळीच सांभाळलं म्हणून मायलेकरं सुखरूप राहिली.

माझ्या त्या वाक्यामुळे ट्रस्टच्या समितीत ठपका आला धारच्या काउंटरवरच्या रेखावर. जुनं रेकॉर्ड शोधलं नाही म्हणून तिला काढायचं चाललं होतं.

"भिया, मी शोधलं होतं," ती मला बाहेर म्हणाली. "दिखाही नहीं, तो क्या करती?"

ती खरं बोलत होती. आणखी एक खरं आम्हा दोघांनाच माहीत होतं. सॉफ्टवेअर बनत असताना तिनं विचारलं होतं, बाई माहेरून आली तर? मी हसून म्हणालो होतो, "ती एज केस आहे." म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट. माळव्यात बाईनं बाळंतपणाला माहेरी जाणं, क्वचित! रेखानं हे समितीला सांगितलं नाही. त्यामुळे मला जेवण जाईना.

पुढच्या मीटिंगला मी लॅपटॉप नेला नाही. अध्यक्ष अप्पा निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या पत्नीही समितीवर. मी त्यांनाच विचारलं, "काकू, माहेरी तुमचं नाव काय?"

"बेबी. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर वसुधा लिहिलं."

"धारला तुमच्या माहेरच्या गल्लीत कुणी वसुधाबाईंची चौकशी केली तर?"

"कोण वसुधा, म्हणतील. तिथं मी अजून बेबीच."

"मग चूक विचारणाऱ्याची?"

"त्याची कशी? त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!"

"रेखाचं तेच झालं. कॉम्प्युटरला चेहरा दिसत नाही. माणूस ओळखायला त्याला एक खूण द्यावी लागते. तिला प्रायमरी की म्हणतात. ती कधीच बदलता कामा नये. मी बाईचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव, या तिन्हींची मिळून खूण केली. लग्नानंतर नेमकं हेच बदलतं."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे चूक तुमची."

"हो. रेखानं आधीच विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

"मग मागच्या वेळी आम्हाला काय सांगितलंत?"

"तुम्हाला कळू नये असं काहीतरी."

मग काकूंनी रेखाला आत बोलावलं. "तूच सांग गं, काय बदलत नाही?"

रेखानं क्षणभरही विचार केला नाही. "आईचं नाव. सासरी जा नाहीतर माहेरी, माँ तो वही रहेगी ना!"

मला हे सुचलं नव्हतं. आता पहिल्याच भेटीत प्रत्येक बाईला कायमचा नंबर मिळतो. कार्ड घरी राहिलं, तर आईचं नाव आणि जन्मतारीख टाकून शोधायचं. रेखा काउंटरवरच आहे आणि नव्या लोकांना तीच शिकवते. मला बघितलं की विचारते, "भिया, कोई एज केस बची क्या?"

मोठाली सॉफ्टवेअर मी बरीच लिहिली. अभिमान मात्र त्या मीटिंगमधल्या अर्ध्या तासाचा आहे. काकू आता नव्या सदस्यांना प्रायमरी की समजावतात: "बेबी मीच, वसुधाही मीच, नंबर एकच." माझ्यापेक्षा बरं सांगतात.

आणि मीटिंगमध्ये सगळे लगेच माना डोलवायला लागले, की मी थांबतो. काय कळलं ते सांगा, म्हणतो.