सगळ्यांची पुडी सारखी

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी औषधवाला धाराशिव जिल्ह्यात दुसरा नाही. जिल्ह्यातली सगळी दुकानं मी मोजलेली नाहीत, तरी हे विधान मागे घेणार नाही. बेंबळीत त्यांचं दुकान आहे आणि गोळ्या विकणं हा तिथला दुय्यम उद्योग आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या, की आधी जुनी पट्टी दाखवावी लागते. एकदा तीत दोन गोळ्या उरलेल्या निघाल्या. "साडू, दोन दिवस उपास होता काय?" असं त्यांनी भरल्या दुकानात विचारलं. डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे होतात, गोळी पोटात गेली का, हे विचारायला आपण बसलोय, असं त्यांचं म्हणणं.

एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची गोळी असते, हे गावाला त्यांच्या पाटीमुळं कळलं. ‘ही गोळी इथं मिळते. रक्ततपासणी आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती कुठं मिळेल, ते आत सांगू.’ पाटी उतरवायला सांगण्यासाठी गावातली चार वजनदार माणसं गेली. नातेवाईक म्हणून मला पुढं घातलं. पोरीबाळी वाचतात, असं एकजण म्हणाले.

"वाचाव्यात म्हणूनच मोठ्या अक्षरात लिहिलीय," साडू म्हणाले.

दुसऱ्यांनी या दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही असं बजावलं. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या आठ दिवस पुरतील, एवढंच साडूंनी सांगितलं. नवव्या दिवशी ते आले.

मग मी मधला मार्ग काढला. पाटी राहू द्या, पण ती गोळी काळ्या पिशवीत द्या, म्हणजे गिऱ्हाइकाची मूठ झाकली राहील. साडूंनी माझं ऐकलं, असं आयुष्यात एकदाच घडलं. महिनाभरात काळी पिशवी म्हणजे कोणती गोळी, हे पोरासोरांना पाठ झालं.

ती गोळी घेणाऱ्यांत एका ट्रकड्रायव्हरची बायको होती. नवऱ्याला लागण झालेली, हे गावाला माहीत होतं. त्याचे उपचार चालू होते, आणि हिला स्वतःला वाचायचं होतं. बाजाराच्या दिवशी एसटी थांब्यावर एक बाई सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "पदराखाली कशाला लपवतीस गं? आत काय हाय ते समद्यांला ठावं हाय." मी तिथंच उभा होतो. एसटीची पाटी वाचत राहिलो. पुढच्या महिन्यात ती दुकानात आली नाही.

साडूंना मी हे सांगितलं, तेव्हा ते ओरडले नाहीत. काळ्या पिशव्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "ही तुमची अक्कल घरी न्या. भाकरी बांधायला होईल."

दुसऱ्या दिवसापासून दुकानातली प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, पांढरा दोरा, चार गाठी. खोकल्याचं औषध, पावडर, तापाची एक सुटी गोळीसुद्धा सारख्याच आकाराच्या पुडीत. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांतही एवढा कागद लागत नसेल. मी घड्याळ लावून पाहिलं, एका पुडीला चाळीस सेकंद. रांग रस्त्यावर गेली. कुरकुर करणाऱ्याला उत्तर एकच, घाई असेल तर धाराशिवला जावा. थांब्यावरच्या त्या बाईलाही गुडघ्याचं मलम तशाच पुडीत मिळालं.

"अवं, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली.

"म्हणू द्या की. आता समद्यांलाच म्हणावं लागंल."

दोन बाजार असे गेले. साऱ्या थांब्यावर पुड्याच पुड्या. तिसऱ्या बाजाराला ड्रायव्हरची बायको रांगेत माझ्यामागं उभी राहिली. आता हिला काय ऐकावं लागतं, म्हणून मी कानकोंडा झालो. साडू हळूच एवढंच म्हणाले, "खंड पडलाय, ताई. आधी तपासणी करून या. मी दवाखान्यात फोन करून ठेवतो."

तपासणीचं काय झालं, असं मी नंतर विचारलं. "तुमच्या दोन गोळ्या का उरल्या होत्या, तेवढं बोला," असं उत्तर मिळालं. पण तपासणी चांगली आल्याशिवाय साडू ती गोळी कुणाला देत नाहीत, हे मला माहीत आहे.

पुढच्या बाजाराला ती थांब्यावर आली. मी बाकावर सरकून जागा दिली. माझ्या मांडीवर पुडी, तिच्या मांडीवर पुडी, उघडी, पदराबाहेर. कुणी वळून पाहिलं नाही. सवयीनं मी थांब्यावरच्या पुड्या मोजायला लागलो. सातपर्यंत आलो आणि मोजणं सोडून दिलं.